शब्दचर्चा : सुख, आनंद, समाधान आणि 'नांदणे'

गेल्या रविवारी परदेशात राहणाऱ्या माझ्या मुलाने नेहमीप्रमाणे फोन केला आणि हवापाणी, गुडघेदुखी, शेजारच्या इमारतीचे रखडलेले काम असे सगळे बोलून झाल्यावर एकदम विचारले, "आई, तू आनंदी आहेस ना?" मी मेथी निवडत होते. हातातली जुडी तशीच धरून मी म्हणाले, "हो रे, बरी आहे." तो थोडा वैतागला. "मी तब्येतीचं नाही विचारत," तो म्हणाला, आणि विषय तिथेच राहिला. फोन ठेवल्यावर मात्र मला जाणवले की प्रश्न मला खटकला होता तो त्यातल्या आपुलकीमुळे नव्हे, तर त्यातल्या विशेषणामुळे. मुद्रितशोधनाच्या कामात आयुष्य गेल्याने ही खोड जडली आहे. लेकराची मायासुद्धा आधी कानाला लागते आणि मग मनाला.

मराठीत 'आनंदी' हे विशेषण प्रामुख्याने स्वभाव सांगते. "मुलगी मोठी आनंदी आहे" असे आपण म्हणतो तेव्हा ती हसतमुख आहे, कुरकुर करीत नाही, चार माणसांत मिसळते, असा अर्थ होतो. त्या क्षणी तिच्या मनात काय चालले आहे, याचा त्यात पत्ता नसतो. क्षणाचे सांगायचे असेल तर मराठी विशेषण सोडून क्रियापदाकडे वळते : आनंद होतो, वाटतो, मावेनासा होतो, गगनात मावत नाही. म्हणून "तू आनंदी आहेस ना?" याचा माझ्या कानाला लागलेला अर्थ "तुझा स्वभाव आनंदी आहे ना?" असा होता, आणि साठी उलटलेल्या बाईला तिच्या पोटच्या मुलाने हे विचारावे, याचे मला हसू आले. अनुवादित पुस्तकांच्या मुद्रितांत "मी तुझ्यासाठी खूप आनंदी आहे" हे वाक्य हल्ली दर पंचवीस पानांनी भेटते. मराठी माणूस अशा वेळी "ऐकून फार बरं वाटलं" किंवा "फार आनंद झाला" एवढेच म्हणतो आणि तेवढ्यात सगळे येते.

मग आपण नेमके काय विचारतो? नव्याने सासरी गेलेली लेक पहिल्यांदा माहेरी येते, जेवणे उरकतात, पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत पान खात बसतात, आणि ओट्याशी भांडी विसळताना आई आवाज खाली आणून विचारते, "सुखात आहेस ना गं?" इथे 'आनंदात' चालणार नाही. आनंद ही घडणारी गोष्ट आहे आणि सुख ही राहण्याची जागा आहे, हे सप्तमीच्या त्या एका प्रत्ययातून कळते. मुलगी सुखात पडते, श्रीमंताचा मुलगा सुखात लोळतो आणि शहाणी माणसे सुखाचा जीव दुःखात घालत नाहीत. "आम्ही सर्व आनंदात आहोत" असे पत्रातून लिहीत असत, हे खरे. पण ते "मजेत आहोत" याचे जरा इस्त्री केलेले रूप होते आणि त्याचा आवाका पत्र लिहिण्याच्या दिवसापुरता असे. "मुलगी आनंदात पडली" असे मात्र कोणी म्हणत नाही. सुखाला आणखी एक गंमतीचा गुण आहे, तो म्हणजे ते दुखते आणि बोचते. चांगली नोकरी सोडून नसते उद्योग करायला निघालेल्या भाच्याबद्दल "त्याला सुख बोचतंय" असे मावशी म्हणते; आनंद बोचल्याचे मी आजवर ऐकलेले नाही.

हा भेद पूर्वीपासून असाच होता, असे मात्र समजू नये. ज्ञानदेवांच्या अभंगात "रूप पाहतां लोचनीं । सुख जालें वो साजणी" असे आहे. तिथे सुख 'झाले' आहे, म्हणजे आज आपण आनंदाला जे क्रियापद देतो ते त्या काळी सुखालाही चालत होते. पुढे केव्हातरी 'होणे' आनंदाकडे गेले आणि सुख स्थिरावले. आज कोणी "तुला पाहून मला सुख झालं" म्हणाले, तर ऐकणारा क्षणभर थांबेल.

'सुख' शब्दाचे मूळ पाहिले की या स्थिरावण्यात एक मौज दिसते. ऋग्वेदात हा शब्द रथाचे विशेषण म्हणून येतो. दहाव्या मंडलातल्या नदीसूक्तात सिंधू नदी आपला 'सुख' रथ जोडते. 'ख' म्हणजे भोक, पोकळी. चाकाच्या तुंब्याचे, म्हणजे मधल्या गाभ्याचे, भोक नीट असेल तर चाक आसाभोवती कुरकुर न करता फिरते आणि बसणाऱ्याला हादरे बसत नाहीत, तो रथ सुख. निदान बऱ्याच अभ्यासकांनी त्याचा उलगडा असा केला आहे. यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, याच 'ख'चा अर्थ इंद्रिये असा घेऊन 'सुहितं खेभ्यः', म्हणजे इंद्रियांना हितकर ते सुख, असे सांगितले. मला रथाचा अर्थ अधिक पटतो, कारण बैलगाडीचे वंगण संपल्यावर होणारा आवाज मी लहानपणी ऐकला आहे आणि संसारातही नेमका तोच आवाज ऐकू येतो. जाता जाता शुद्धलेखनाचे एक : 'दुःख' शब्दात विसर्ग आहे म्हणून 'सुख'मध्येही तो घालू नये, एका शब्दात उपसर्ग 'दुस्' आहे, दुसऱ्यात नुसता 'सु'.

आनंदाच्या वाट्याला मराठीने एक बोचरी थट्टाही दिली आहे. शब्द दुप्पट केला की अर्थ बहुधा वाढतो, पण 'आनंदीआनंद' म्हटले की तो अनेकदा उलटतो. "त्यांच्या हिशेबाचा सगळा आनंदीआनंदच आहे" या वाक्यात आनंदाचा लवलेश नाही. माझ्या सासूबाईंना तर दुपटीचीही गरज लागत नसे. मुलांनी दूध उतू घालवून ओट्यावर वहीचा कागद अंथरून ठेवलेला पाहिला की दाराच्या चौकटीला हात टेकवून त्या एवढेच म्हणत, "आनंद आहे." त्या दोन शब्दांनंतर घरातला प्रत्येक जण फडके शोधायला धावत असे.

'समाधान' या शब्दाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सध्या त्याची सर्वांत जास्त ओढाताण होत आहे. सम्, आ आणि धा अशी त्याची घडण. मूळ अर्थ एकत्र, नीट ठेवणे. 'समाधी' हा त्याचा सख्खा भाऊ. शंकासमाधान या जोडशब्दात जुना अर्थ टिकून आहे. हिंदीत हा शब्द समस्येच्या उत्तरासाठी वापरतात आणि जाहिरातींच्या अनुवादांतून "केसगळतीच्या समस्येवर खात्रीचे समाधान" अशी वाक्ये मराठीतही उतरू लागली आहेत. मराठीत समस्येवर उपाय असतो, अडचणीचे निराकरण असते; समाधान शंकेचे होते किंवा माणसाचे. आणि माणसाचे समाधान ही वस्तूच्या मापावर अवलंबून नसलेली गोष्ट आहे. "पोट भरलं, पण समाधान नाही झालं" हे वाक्य घराघरांत ऐकू येते आणि वरणभात शेवटी ताकाशी कालवला की नेमके काय पूर्ण होते, ते त्या एका शब्दात मावते. तुकोबांनी "ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें । चित्तीं असों द्यावें समाधान" म्हटले, तेव्हा त्यांना चित्ताची हीच नीट बसलेली अवस्था अभिप्रेत असावी. शाळेच्या प्रगतिपुस्तकात मात्र 'समाधानकारक' हा शेरा पाहून कोणत्याही आईचे समाधान होत नाही, हा निराळा भाग.

हा भेद वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही आडवा येतो. दरवर्षी मार्चमध्ये, वीस तारखेच्या जागतिक आनंददिनाच्या सुमारास, देशांची एक क्रमवारी प्रसिद्ध होते आणि "फिनलंड जगातील सर्वांत आनंदी देश" असे आपण वाचतो. २०१८पासून अनेक वर्षे तो मान त्या एकाच देशाला मिळत आला आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हसणारी, नाचणारी माणसे येतात आणि तिथल्या थंड, अबोल लोकांविषयी ऐकलेले काही त्याच्याशी जुळत नाही. त्या क्रमवारीमागचा मुख्य प्रश्न असा असतो की एक शिडी कल्पा, तिची तळाची पायरी शून्य म्हणजे तुमच्या दृष्टीने सर्वांत वाईट आयुष्य, वरची दहावी म्हणजे सर्वांत चांगले. तर आज तुम्ही कितव्या पायरीवर उभे आहात? हा प्रश्न आनंदाचा नाहीच. हा आयुष्याचा हिशेब मांडून दिलेला आकडा आहे आणि मराठीत त्याला समाधान म्हणतात. मथळा "सर्वांत समाधानी देश" असा दिला असता, तर फिनलंडची माणसे हसत का नाहीत, हा प्रश्नच उरला नसता. मध्य प्रदेश सरकारने २०१६ साली स्वतंत्र आनंद विभाग काढला, तेव्हाही माझ्या मनात हेच आले की सरकार नळाला पाणी देऊन सुख देऊ शकते, कार्यक्रम घेऊन थोडा आनंदही देऊ शकते, पण समाधान कोणत्या खात्याकडे सोपवणार?

आता ज्या शब्दासाठी हा सगळा प्रपंच केला, तो म्हणजे 'नांदणे'. आनंद शब्दातला 'नन्द्' धातू धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, समृद्धीच्या अर्थाने दिला आहे आणि आपले 'नांदणे' त्याच धातूपासून आलेले आहे. म्हणजे मूळ अर्थ आनंदाने, भरभराटीत असणे. पण मराठीने त्याला घराच्या उंबऱ्याशी बांधून टाकले. घर नांदते असते. ओसाड वाड्याविषयी "एकेकाळी नांदता वाडा होता" असे म्हणतात आणि त्यात माणसे, गुरे, चूल, भांडणे असे सगळेच आले. सुट्टीत नातवंडे जमली की घरात गोकुळ नांदते, आणि त्या गोकुळाचा यजमान नंद, हाही याच धातूचा. लग्नाच्या कार्यालयात थर्मोकोलची अक्षरे लावलेली असतात : नांदा सौख्य भरे. मी प्रत्येक वेळी मनातल्या मनात मधली जागा काढून टाकते, कारण तो 'सौख्यभरे' असा एक शब्द आहे, सौख्याच्या भराने. एका छोट्या वाक्यात 'नन्द्' आणि 'सुख' ही दोन्ही मुळे शेजारी बसली आहेत आणि खाली जोडपे फोटोसाठी तासभर उभे आहे.

पण हेच क्रियापद सासरच्या वाटेवर किती कडवट झाले आहे, ते पाहा. "मुलगी नांदत नाही", "नवरा नांदवत नाही", "नांदायला पाठवा" या तिन्ही वाक्यांत आनंद कुठे आहे? राहणे एवढाच अर्थ उरला आणि तोही सक्तीचा. १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाईंनी नांदायला यावे म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. लग्न झाले तेव्हा रखमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि त्या सासरी कधी राहिल्याच नव्हत्या. १८८७ साली न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निर्णय दिला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे १८८८मध्ये तडजोड झाली, त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरतेत व राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. ज्या क्रियापदाचा धातू आनंदाचा, त्याची अंमलबजावणी तुरुंगाच्या धाकाने करायची, एवढा विरोधाभास दुसऱ्या कोणत्या मराठी शब्दाने सोसला असेल, असे मला वाटत नाही.

याच धातूवर जुन्या वैयाकरणांनी 'ननान्दृ', म्हणजे आपली नणंद, साधली आहे : न नन्दति, जी कधी खूश होत नाही ती. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने "ननान्दा तु स्वसा पत्युः", म्हणजे नणंद ही नवऱ्याची बहीण, असे तटस्थपणे, नुसते नाते सांगून काम भागवले आहे आणि ते मला अधिक सभ्य वाटते. 'न नन्दति' ही व्युत्पत्ती शब्दापेक्षा ती रचणाऱ्यांच्या घराविषयी जास्त सांगते. मी स्वतः दोन भावजयींची नणंद आहे, तेव्हा माझे मत निःपक्ष समजू नये.

राहता राहिला माझ्या मुलाला खटकलेला 'बरी आहे'. आपल्याकडे "बरं आहे" हे उत्तर तब्येतीपुरते नसते. त्यात घर, पैसा, माणसे आणि मन यांचा एकत्रित जमाखर्च असतो आणि शिल्लक किती, ते मुद्दाम मोघम ठेवलेले असते. गोव्यात कोकणीत आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतात, तिथेही 'बरें' या एकाच शब्दात सगळे मागून झालेले असते. जुन्या पत्रांतले "येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे" हे वाक्य काय, किंवा प्रवासाहून आलेल्या पोस्टकार्डातले "सुखरूप पोहोचलो" काय, दोन्हींतही आपण स्वतःच्या मनाविषयी फार बोलत नाही. जेवून उठताना यजमानाला "अन्नदाता सुखी भव" म्हणतो, तेव्हा मात्र दुसऱ्यासाठी मोकळेपणाने सुख मागतो.

एक शंका जाणकारांपुढे ठेवते. माझी भाची आणि तिचा नवरा लग्नानंतर पुण्यात भाड्याच्या घरात राहिले. कोणी कोणाच्या घरी गेलेच नाही. तरीही बहीण सांगताना म्हणते, "दोघं छान नांदतायत." इथे 'नांदणे' दोघांना मिळून लागले आहे आणि कानाला खटकतही नाही. पण आमच्याच नात्यातले एक जावई तीस वर्षे सासऱ्यांच्या वाड्यात आहेत, त्यांच्याविषयी सगळे "ते तिकडेच राहतात" असे म्हणतात. "नांदतात" असे कोणी म्हणाल्याचे मी ऐकलेले नाही. वऱ्हाडात, खानदेशात किंवा कोकणात घरजावयासाठी हे क्रियापद चालते का?