सी कोड तपासणाऱ्या टूलचे वॉर्निंग फ्लॅग एका धाटणीत कसे आणावेत?

अर्धविराम:
आमच्या स्टॅटिक अ‍ॅनालायझरमध्ये तीन तऱ्हांचे फ्लॅग (कमांडसोबत टूलला द्यायच्या सूचना) साचलेत: `--चेक-शॅडो`, `--डिसेबल=अनयूज्ड` आणि `-डब्ल्यू३`. सगळे जीसीसी या सी कंपायलरसारखे `-डब्ल्यू-नाव` आणि `-डब्ल्यू-नो-नाव` असे करायचे आहेत. एकाच वॉर्निंगबद्दल दोन उलटसुलट फ्लॅग आले तर कोणाचं ऐकायचं? आणि जुन्या मेकफाइल (बिल्डच्या कमांड ठेवणाऱ्या फाइल) मोडू नयेत म्हणून काय करावं?

तळटीप:
पहिल्या प्रश्नातच ग्यानबाची मेख आहे. `अनयूज्ड` ही न वापरलेल्या व्हेरिएबल वगैरेंची वॉर्निंग, `ऑल` हा तिला सामावणारा गट. `-डब्ल्यू-नो-अनयूज्ड -डब्ल्यू-ऑल` दिलं तर जीसीसी क्रम बघत नाही. जो फ्लॅग जास्त नेमका तो जिंकतो, म्हणून अनयूज्ड बंदच राहतं. क्लँग हा दुसरा कंपायलर डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे तिथे `ऑल` ते पुन्हा चालू करतं. जीसीसीची रीत घ्या. मेकफाइलमध्ये फ्लॅग चार ठिकाणांहून जोडले जातात, क्रम कोणाच्याच हातात नसतो.

त्यासाठी प्रत्येक वॉर्निंगची नुसती चालू-बंद अवस्था साठवून भागत नाही. ती कोणी ठरवली हेही ठेवा: डीफॉल्टने, `ऑल`सारख्या गटाने की थेट नावाने. नावाने ठरलेलं गटाने बदलायचं नाही. दोघे एकाच पातळीचे असतील तर शेवटचा खरा.

जुन्या फ्लॅगना निव्वळ टोपणनावं करा. फ्लॅग वाचणाऱ्या पार्सरमध्येच त्यांचं नव्यात रूपांतर होऊ दे, आत दोन वाटा नकोत. प्रत्येक वॉर्निंगच्या शेवटी तिचा नवा फ्लॅग छापा. लोक तोच कॉपी करतात.

काना_मात्रा:
वॉर्निंगला एरर ठरवणारा `एरर` फ्लॅग हा वेगळा मामला आहे, तो चालू-बंदमध्ये मिसळू नका. जीसीसीत `-डब्ल्यू-एरर=शॅडो` म्हटलं की शॅडो (आतल्या व्हेरिएबलने बाहेरच्याचं नाव झाकल्याची वॉर्निंग) चालूही होतं; पण `-डब्ल्यू-नो-एरर=शॅडो` ते बंद करत नाही, फक्त एररची वॉर्निंग करतं. हीच अपेक्षा घेऊन लोक तुमच्याकडे येणार.

अनोळखी `नो-` फ्लॅग जीसीसी मुकाट गिळतो, दुसरी एखादी वॉर्निंग निघाली तरच त्याबद्दल बोलतो. जुन्या आवृत्तीवर नवी मेकफाइल चालावी म्हणून ते ठीक, पण स्पेलिंगची चूक लपते. माझं मत क्लँगच्या बाजूने: वॉर्निंग द्या, जवळचं नाव सुचवा, पण थांबू नका.

अर्धविराम:
आणि एक्झिट कोड, म्हणजे टूल संपताना परत देतं तो आकडा?

काना_मात्रा:
नुसत्या वॉर्निंगला 0, एररला 1, कॉन्फिगरेशन चुकलं किंवा टूलच कोसळलं तर 2. जावास्क्रिप्ट तपासणारं ईएसलिंट असंच करतं. 1 आणि 2 एक केले तर सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या बिल्ड-तपासणीत) कोड वाईट की टूल, ते कळत नाही.