शिकारी नाहीत, गळवाले आहेत

अमेरिकेत शिकारीच जंगल राखतात, आपल्याकडेही परवाने द्या, असं कुणीतरी म्हटलंय. तिथे १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी जातो, हे खरं. पण आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारच बंद. तो विषय सोडा.

आपलं नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. तिथली गावातली पोरं दुर्बीण घेऊन पाहुण्यांना पक्षी दाखवतात (थोडा भाव खातात, खाऊ देत!). गळवाल्यांना (गळाने मासे धरणाऱ्यांना) मात्र कुणी विचारत नाही. गोदावरीत चिलापी (तिलापिया, बाहेरून आलेला मासा) किती माजलीय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? अभयारण्याबाहेर खुशाल बसा, फक्त तंगुसाचे (गळाच्या नायलॉन दोरीचे) तुकडे काठावर टाकू नका राव. बगळ्यांच्या पायात गुंततात.