मदत हवी आहे : माळावर फेरपालटाची चराई कशी बसवावी?

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यात आमची नऊ एकर पडीक माळजमीन असून गोठ्यात निमाडी जातीची चौदा जनावरे आहेत. माळाचे आठ भाग पाडून एका भागात चार-पाच दिवस गुरे चारायची आणि पुढे महिनाभर त्या भागाला विश्रांती द्यायची, असे यंदा पावसाळ्यापासून ठरवले आहे. मारवेल गवत हातभर वाढल्यावर चरला आणि चार बोटे शिल्लक ठेवला तर त्याची मुळे तग धरतात, हे बांधावर प्रत्यक्ष पाहिले. मात्र कुसळी या गवताचे काय करावे, हे उमगत नाही. कोवळी असताना गुरे ती खातात, पण निसवल्यावर (तुरे आल्यावर) तिची कुसळे वासरांच्या ओठांत रुततात आणि आईला संध्याकाळी कंदिलाशी बसून ती एकेक उपटावी लागतात.

थोरल्या भावाच्या मते हा सारा खटाटोप व्यर्थ आहे, कारण आपण राखलेले गवत शेवटी शेजारची गुरेच खाणार. (त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही.) साक्री तालुक्यातील बारीपाड्याने गावाच्या एकमताने जंगल राखले, आमच्याकडे तर घरातच एकमत नाही.

ज्यांनी असा प्रयोग केला आहे, त्यांनी कुसळीच्या भागात गुरे नेमकी केव्हा सोडावीत, आणि सौर झटका कुंपणाला (तारेतून विजेचा हलका झटका देणाऱ्या) एका तारेत भागते की वासरांसाठी दोन लागतात, हे कृपया कळवावे.