हातानं केलेलं लग्न म्हणजे नेमकं कुणाच्या हातानं?

क्रोशाची_सुई

परवा इथे ‘लग्न विकत आणू नका, हातानं घडवा’ हा लेख आला. म्हणणं थोडक्यात असं: भाड्याचं रुखवत मांडणं लाजिरवाणं आहे, अंतरपाट घरी भरा, मुंडावळ्या घरी ओवा, मंगलाष्टकं स्वतः लिहा, मग लग्नात आपलेपणा येतो. खाली नुसती वाहवा. मी दोन दिवस गप्प बसले, आता बसवत नाही.

त्यातलं एक वाक्य मला सहन झालं नाही. ‘पूर्वी घरोघरी बायका हौसेनं रुखवत करायच्या.’ हौसेनं? माझं लग्न १९९४ चं. ठरलं दिवाळीत, तारीख फेब्रुवारीतली. आई शाळेत शिकवायची. घरी येऊन स्वयंपाक, मग उद्याच्या वह्या तपासायच्या, आणि साडेदहाला सगळे झोपले की ती क्रोशाची सुई घेऊन स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसायची. बारा रुमाल, दोन तोरणं, ताटावरची झाकणं, मण्यांचं तुळशीवृंदावन, सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, विहीर आणि रहाट. शिवाय लाडू, अनारसे, चिरोटे होतेच. तिच्या डाव्या तर्जनीवर दोऱ्यानं घासून खाच पडली होती. झोपताना ती त्या खाचेत खोबरेल भरायची, ते मला अजून दिसतं. आणि लग्नात माझ्या सासरच्या एका बाई रहाटाला बोट लावून काय म्हणाल्या? ‘फिरत नाही वाटतं.’ बस. एवढंच. नंतर ते सगळं अठरा वर्षं माळ्यावर पडून होतं, वृंदावनाचे मणी उंदरांनी घरभर केले.

त्या लेखात ‘आई, मावशा, काकू मिळून’ हे शब्द तीन वेळा आलेत. बाबा, काका, मामा एकदाही नाहीत. माझ्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. रुखवत भाड्यानं येणार, मुंडावळ्या तुळशीबागेतून येणार, आणि मला त्याची काडीची लाज नाही.

साखळी_टाका

ताई, तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण म्हणून हातानं केलेलं सगळंच ओझं होत नाही. माझा अंतरपाट मी स्वतः भरलाय. कुणी सांगितलं नव्हतं.

माझी आजी लग्नाच्या आदल्या वर्षी गेली. तिची पाककृतींची वही माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर तिनं ‘श्री’ लिहिलंय आणि खाली ‘शुभं भवतु’, शाईच्या पेनानं, ‘श्री’तला र जरा लंगडा. मी ते पान मोठं करून घेतलं, कार्बन कागदानं पांढऱ्या कापडावर उतरवलं आणि लाल रेशमानं साखळी टाक्यात भरलं. लंगडा र तसाच ठेवला. मंगलाष्टकं चालू असताना माझ्या नाकासमोर आजीचं अक्षर होतं. मुहूर्ताला पाट दूर झाला तेव्हा मी नवऱ्याकडे बघायच्या आधी त्या कापडाकडे बघितलं. हे तुळशीबागेत मिळत नाही. मिळणारच नाही.

तुम्हाला राग सासरच्यांचा आहे आणि तुम्ही तो सुईदोऱ्यावर काढताय.

गुरुजींची_लेक

साखळी_टाका, तो अंतरपाट आता कुठे आहे? चौकट करून भिंतीवर लावलाय ना?

विचारते कारण अंतरपाट लग्नानंतर गुरुजींना जातो, ही आमच्याकडची रीत. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं लग्नं लावली. आमच्या घरी शालीचे, धोतरजोडीचे अंतरपाट यायचे, त्याच कापडांचे अभ्रे आणि माझे परकर शिवले जायचे. आता दहा लग्नांपैकी नऊ लग्नांत भरतकामाचा अंतरपाट असतो, लग्न लागलं की यजमान तो घडी घालून आत नेतात, आणि गुरुजींच्या हातात साधं कापडसुद्धा पडत नाही. कुणाच्या लक्षातही येत नाही. वैयक्तिक करायच्या नादात ज्याचं ते होतं त्याचं गेलं.

आणि मंगलाष्टकांबद्दल तर बोलूच नका. एका लग्नात गोरज मुहूर्त ६ वाजून ४१ मिनिटांचा. मामा, आत्या, आत्याची मैत्रीण, सगळ्यांची स्वतः लिहिलेली. एक सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर. पाहुण्यांच्या मुठीतल्या अक्षता दुसऱ्या कडव्यालाच संपल्या, पोरांनी जमिनीवरच्या गोळा करून पुन्हा टाकल्या. हार धरून नवरीचे हात थरथरत होते. माझे वडील ७२ वर्षांचे, घड्याळाकडे बघत तसेच उभे. लग्न लागलं ७ वाजून ५ मिनिटांनी. मग मुहूर्त काढलाच कशाला होता?

मसजसततग

शेवटी कुणीतरी बोललं. स्वतः लिहा, जरूर लिहा, पण ते मंगलाष्टक आहे याची जाण ठेवा. वृत्त शार्दूलविक्रीडित. ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यानंतर यती, म्हणजे थांबा. ‘गंगा सिंधु सरस्वती च यमुना’, इथे श्वास, मग ‘गोदावरी नर्मदा’. त्या यतीमुळे शेवटची सात अक्षरं घंटेसारखी वाजतात. ‘कुर्यात् सदा मंगलम्’ मोजून बघा, तीच सात. हल्ली लोक एका ओळीत बावीस अक्षरं कोंबतात, पुढच्या ओळीत सोळा, आणि म्हणताना ‘आ’ लांबवत नेतात. ऐकवत नाही. हे हातानं केलेलं नव्हे, हे न शिकता केलेलं. उसवलेला रुमाल कुणी रुखवतात मांडेल का?

कातळावरची_वाट

मसजसततग, माझ्या आत्यानं माझ्या भावाच्या लग्नात मंगलाष्टक म्हटलं. आत्या सातवी शिकलेली. देवगडला आंब्याच्या बागेत आयुष्य गेलं. तिनं लिहिलं होतं की हा मुलगा लहानपणी तापानं फणफणला तेव्हा त्याला पाठुंगळी मारून ती खाडी ओलांडून डॉक्टरकडे गेली, आणि आज त्याचा हात ती दुसऱ्या मुलीच्या हातात देतेय. अख्खा मांडव रडत होता. अक्षरं किती होती ते मी मोजलं नाही. तुम्ही मोजली असती.

बरं, भावाचं नाव अभिजित. चारही अक्षरं लघू, म्हणजे आखूड उच्चाराची. तुमच्या वृत्तात लागोपाठ तीनच्या वर लघू येतच नाहीत. म्हणजे अभिजितनं लग्न करू नये?

मसजसततग

तुमच्या आत्यांबद्दल मी एक शब्द वावगा बोललेलो नाही, त्यांना मध्ये आणू नका.

अभिजित् हा शब्द मुळात हलन्त आहे, शेवटचा त अर्धा. ‘जित्’ गुरू होतं. लघू, लघू, गुरू. चौथ्या अक्षरापासून सरळ बसतो. अडचण वृत्ताची नाही, कंटाळ्याची आहे.

कातळावरची_वाट

आमच्या घरात त्याला अभिजित्‌ असं पाय मोडून कुणी हाक मारत नाही. आई ‘अभी’ म्हणते. नाव त्याचं, लग्न त्याचं, आणि ते तुमच्या मापात बसावं म्हणून छाटायचं? कारागीर कापड माणसाच्या मापानं बेततो. तुम्ही उलटं सांगताय.

गुरुजींची_लेक

अहो, रडण्याबद्दल तक्रार नाहीये. मुहूर्तानंतर, जेवणाआधी, माईक घ्या आणि तासभर म्हणा. गुरुजींना उभं करून नको.

फुलेवाडा

इथे सगळे असं बोलताहेत की स्वतःची मंगलाष्टकं हे काल-परवाचं खूळ आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला, ब्राह्मण पुरोहिताशिवाय. पुढे १८८७ मध्ये त्यांनी पूजाविधींचं पुस्तक छापलं, त्यात मंगलाष्टकं आहेत. मराठीत. वधू आणि वर एकमेकांना उद्देशून म्हणतात, आणि वधू त्यात बायकांच्या हक्काची मागणी करते. आमच्याकडे चार पिढ्या तीच म्हणतात. माझ्या बायकोनं स्वतःच्या तोंडानं म्हटली, आवाज कापत होता तरी म्हटली. तेव्हा मंगलाष्टक कुणाची मालमत्ता आहे, हा प्रश्न एकदा स्वतःला विचारा.

आणि मुहूर्त टळला म्हणून लग्न खोटं होत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम सप्तपदीचं सातवं पाऊल मोजतं. घड्याळ कुठेच नाही.

गुरुजींची_लेक

कायदा मला शिकवू नका. मुहूर्त ज्यांना नको त्यांनी तो काढू नये, एवढंच म्हणणं आहे. आमच्या घरी येऊन पंचांग उघडायला लावायचं, दक्षिणेवरून घासाघीस करायची, आणि मग त्या वेळेला किंमत द्यायची नाही, हा अपमान आहे. एका माणसाच्या चाळीस वर्षांच्या कामाचा. तुमच्याकडे पुरोहितच नाही, तुमचा प्रश्नच वेगळा. फुल्यांचं म्हणाल तर ते मान्य. मला ते पुस्तक माहीत नव्हतं.

डहाणूचा

हातानं केलेलं म्हणून पत्रिकेवर वारली छापता ना सगळे? छापता तो तारप्याचा फेर, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाच. तो सुगीचा. लग्नाचं चित्र म्हणजे चौक. आमच्याकडे तो झोपडीच्या आतल्या भिंतीवर सवाशिणी काढतात, तांदळाच्या पिठानं, बांबूची काडी चावून मऊ करून. मध्ये पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाते, तिच्याशिवाय आमचं लग्न लागत नाही. तीही बाईच आहे, आणि तिला कुणी मध्येच थांबवत नाही. कामाच्या गोष्टीवर कुणी बोलत नाही म्हणून मी बोललो.

क्रोशाची_सुई

मी रुखवताबद्दल विचारलं होतं. लघू-गुरू मी विचारले नव्हते.

साखळी_टाका, तुम्ही म्हणालात मी सासरच्यांचा राग सुईवर काढते. हे लिहिण्याआधी जरा थांबायला हवं होतं. माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटी तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, आणि तरी नातीच्या लग्नाचं तोरण करायचं म्हणून ती माझ्याकडे लोकर मागायची. मी दिली नाही. तिनं पुन्हा राबू नये म्हणून नाही दिली. आता तुम्ही सांगा, ते मी बरोबर केलं की चूक? मला ठाऊक नाही. तुमच्या लंगड्या र बद्दल वाचून मी रात्री एक वाजेपर्यंत जागी होते.

साखळी_टाका

ताई, ते वाक्य मी लिहायला नको होतं. मागे घेते.

आणि दुसरंही कबूल करते, मनाविरुद्ध. अंतरपाट मी भरला, पण त्या सहा आठवड्यांत माझा डबा, माझे कपडे, घरी येणाऱ्यांचं चहापाणी, केळवणांचे फोन, सगळं आईनं केलं. मी ‘स्वतः’ म्हणते तेव्हा तिचे हात त्यात धरत नाही. हे तुमचं वाचेपर्यंत मनात आलं नव्हतं. तरीही मी तो अंतरपाट पुन्हा भरेन. आणि गुरुजींची_लेक, हो, तो चौकटीत आहे. आजीचं अक्षर मी नाही देऊ शकत. पण आमच्या गुरुजींना वेगळी शाल द्यायला हवी होती, ती दिली नाही, हे खरं.

गुरुजींची_लेक

अजून देता येते. ते हयात असतील तर.

कातळावरची_वाट

क्रोशाची_सुई, एक सांगतो, राग मानू नका. माझ्या लग्नात रुखवत बाबांनी केलं. ते सुतार. सागाच्या तुकड्यांची खेळभांडी केली, बोटाच्या पेराएवढं पाटा-वरवंटा-उखळ, आणि एक जातं, ज्याची वरची तळी खरंच फिरते. आईनं फक्त लाडू वळले. आता माझी मुलगी त्या जात्यात रांगोळी दळते. बायकांवर पडतं म्हणून सोडून द्यायचं, याच्याऐवजी पुरुषांवर का पाडत नाही?

क्रोशाची_सुई

कारण माझ्या घरात सुतार नाहीत, लेखनिक आहेत. पण तुमचा मुद्दा खोडता येत नाहीये, हेही खरं. नवऱ्याला दाखवलं. ते म्हणाले, मी काय करू, मला काहीच येत नाही. मी म्हटलं, आईला तरी कुठे येत होतं? शेजारच्या काकूंकडे जाऊन शिकली. तुम्हीही शिका. तीन महिने आहेत. मुंडावळ्या ते ओवणार आहेत. मोती आणि दोरा आणून दिलाय, काल चार वेळा गाठ सुटली. बाकी रुखवत भाड्याचंच. त्यावरून मी मागे हटणार नाही.

आणि मसजसततग, तुमच्याशी माझं पटत नाही, पण काम पडलंय. मुलीचं नाव ईश्वरी, मुलाचं तन्मय. माझ्या बहिणीला मंगलाष्टक लिहायचंय आणि ती पहिल्या ओळीवर अडली आहे.

मसजसततग

दोन्ही नावं शेजारी बसतात, नशीबवान आहात.

‘आहे तन्मय ईश्वरीसह उभा या मंगलाच्या क्षणी’

बारावं अक्षर ‘उभा’मधलं ‘भा’. तिथे श्वास. बहिणीला म्हणावं, ‘क्षणी’ लांबवू नका, सरळ सोडा. आणि कडवी दोनच.

कातळावरची_वाट, तुमच्या आत्यांचं लिहिलेलं इथे टाकलंत तर वाचायला आवडेल. मोजणार नाही.

क्रोशाची_सुई

ओळ बहिणीला पाठवली. तिचा फोन आला. म्हणाली, ही घेते, पण उरलेल्या तीन मी लिहिणार, आणि त्यात आईच्या सुईचं लिहिणार. बसल्या तर बसल्या, नाहीतर अशाच म्हणणार. गुरुजींना आधी विचारून, मुहूर्ताच्या दहा मिनिटं अगोदर सुरू करून.

गुरुजींची_लेक

पंधरा मिनिटं अगोदर करा. आणि अक्षता दुप्पट भिजवा.

डहाणूचा

अक्षता भिजवत नाहीत, कुंकवात चोळतात.

गुरुजींची_लेक

थोडं पाणी लागतंच, नाहीतर कुंकू धरत नाही. तुमच्याकडे कसं करतात?