पोरस सिलिकॉनचा फार-इन्फ्रारेड फिल्टर: जाड थर तडकतात, काय करू?

निशाचर_लॅब: नमस्कार मंडळी, एमएस्सी प्रोजेक्टला पोरस (बारीक छिद्रांच्या) सिलिकॉनचा ब्रॅग फिल्टर करतोय, म्हणजे कमीजास्त इंडेक्सचे थर आलटूनपालटून रचून ठरावीक वेव्हलेंग्थ परतवणारा आरसा, ३० मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश परतवायचाय. पी-प्लस (जास्त डोपिंगची पी-टाइप) सिलिकॉन वेफर, ०.०१ ओहम-सेमी, टेफ्लॉन सेलमध्ये एचएफ (हायड्रोफ्लुओरिक ॲसिड) आणि इथेनॉल, करंट कमीजास्त करून थर पाडतो. व्हिजिबलचे आरसे झकास येतात, हिरवा तर बघतच राहावा असा, पण हे जाड थर केले की रिफ्लेक्शनचा पीक पसरट होतो, सुकवताना अख्खा पापुद्रा तडकतो, आणि ट्रान्समिशनला पलीकडे काहीच येत नाही.

खोलवर_थर: आधी जाडीचा हिशोब बघ. रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (अपवर्तनांक) २.१ आणि १.४ धरले तर पाव वेव्हलेंग्थचे थर साधारण ३.६ आणि ५.४ मायक्रॉनचे, म्हणजे एक जोडी ९ ची आणि दहा जोड्या ९० मायक्रॉन! एवढ्या खोल छिद्रांच्या तळाशी एचएफ पोचेपर्यंत संपत येतं, मग करंट तोच असूनही खाली पोरॉसिटी (छिद्रांचं प्रमाण) वाढत जाते, इंडेक्स घसरतो, म्हणून पीक पसरतो. मधेमधे करंट पूर्ण बंद ठेव काही सेकंद, ताजं ॲसिड खाली उतरू दे. तरी सरकतंय असं वाटलं तर वेफर तोडून क्रॉस-सेक्शन एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) बघ आणि खालच्या थरांचा करंट आणि वेळ त्याप्रमाणे बदल.

निशाचर_लॅब: पॉज देऊन बघतो दादा. आणि तडे?

धुकं_७: तडे पाण्यामुळे. छिद्रातलं पाणी उडताना भिंतींना आत ओढतं, पाण्याचा सरफेस टेन्शन ७२ मिलिन्यूटन/मीटर, इथेनॉलचा २२, पेंटेनचा १६ च्या आसपास. त्यामुळे धुतल्यावर इथेनॉल, मग पेंटेन, आणि मधे कुठेही कोरडं पडू द्यायचं नाही. ट्रान्समिशन येत नाही कारण खालचा पी-प्लस वेफरच अपारदर्शक आहे, त्यातले फ्री कॅरिअर्स (मोकळे विद्युतभार) फार-इन्फ्रारेड गिळतात. एकतर रिफ्लेक्शन मोज, नाहीतर शेवटी करंट एकदम वाढवून इलेक्ट्रोपॉलिशने (तळाचं सिलिकॉन पूर्ण विरघळवून) फिल्म सुटी करून घे, पण ती फार नाजूक असते, चिमट्याने उचलू नकोस.

खोलवर_थर: एफटीआयआरला (इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटरला) केबीआरचा (पोटॅशियम ब्रोमाइडचा) बीमस्प्लिटर, म्हणजे आतला प्रकाश दुभागणारा भाग, असेल तर २५ मायक्रॉनच्या पुढे नॉइजच दिसेल, सीझियम आयोडाइडचा आहे का विचार. आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (एचएफने भाजल्यावर लावायचं) हाताशी असल्याशिवाय एचएफची बाटली उघडायची नाही, एकट्याने तर अजिबात नाही, अगदी कळकळीने सांगतोय.