बोटीच्या डेकसाठी साग कोणता घ्यावा आणि कुठून घ्यावा?

दर्याकिनारा_मालवण

नमस्कार. माझ्याकडे २८ फुटी फायबरची बोट असून तिच्या डेकवरच्या सागाच्या पट्ट्या झिजून इतक्या पातळ झाल्या आहेत की स्क्रूंची डोकी वर आली आहेत आणि पाणी खालच्या प्लायपर्यंत झिरपते आहे. जुने लाकूड काढून १२ मिलिमीटर जाडीच्या नव्या पट्ट्या बसवायच्या आहेत. क्षेत्रफळ साधारण ८० चौरस फूट आहे. वखारीत चौकशी केली तेव्हा ‘बर्मा’, ‘बल्लारशा’, ‘आफ्रिकन’ आणि ‘गावठी’ अशी चार नावे आणि चार निरनिराळे भाव ऐकायला मिळाले. यांपैकी कोणते लाकूड घ्यावे, किती घनफूट घ्यावे आणि कुठून घ्यावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना_रंधा

चार नावांपैकी एकावरही भाव ठरवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे. त्यामुळे आज कोणी ‘बर्मा’ म्हणून ओंडका दाखवत असेल तर तो कधी आणि कुठून आला हे कागदावर पाहिल्याशिवाय त्या नावाचे जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. ‘आफ्रिकन साग’ या नावाखाली तर दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात: एक म्हणजे घाना, टांझानिया अशा देशांतल्या लागवडीतला खराखुरा साग, आणि दुसरी म्हणजे इरोको, जे मुळात सागच नाही. इरोको वाईट लाकूड नव्हे, परंतु सागाच्या भावाने ते घेऊ नये.

तुम्ही पाहायचे ते ओंडक्याचे किंवा फळीचे टोक. ते धारदार पटाशीने ताजे कापून घ्या. सागात वर्षवलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ स्पष्ट दिसते, हाताला किंचित तेलकटपणा जाणवतो आणि कातड्यासारखा वास येतो. सालीलगतचा फिकट भाग डेकसाठी पूर्णपणे बाद समजावा, कारण टिकाऊपणा असतो तो गाभ्यात. काही ठिकाणी हा पांढरा भाग रंग लावून गाभ्याच्या रंगात मिसळून देतात. मी स्वतः एकदा असा फसलो आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्या पट्ट्या काळ्या पडून मऊ झाल्या. म्हणून पॉलिश केलेली किंवा रंगवलेली फळी घेऊच नका.

लाकूड कोणत्या देशाचे आहे यापेक्षा ते कसे चिरले आहे हे डेकसाठी अधिक महत्त्वाचे आहे. पट्टीच्या टोकाकडून पाहिले असता वलयांच्या रेषा उभ्या दिसल्या पाहिजेत. साग सुकताना वलयांच्या दिशेने जितका आकसतो त्याच्या साधारण निम्माच वलयांना छेदणाऱ्या दिशेने आकसतो. त्यामुळे उभ्या रेषांची पट्टी रुंदीत कमी हलते, सांधे कमी ताणले जातात आणि झीजही सारखी होते. अशा छेदाची फळी मिळाली नाही तर ५० मिलिमीटर जाडीची साधी आडव्या छेदाची फळी घ्यावी आणि सॉ मिलवाल्याकडून तिच्या कडेने १६ मिलिमीटरचे काप काढून घ्यावेत. काप आडवा पाडला की रेषा आपोआप उभ्या होतात, आणि रंधा मारून जवळपास ४५ मिलिमीटर रुंदीची पट्टी हाती येते.

घनफूट_हिशेब

तयार लाकूड ३ घनफुटांपेक्षा थोडे जास्त लागेल, परंतु करवतीचा भुसा, रंधा, गाठी आणि बाद होणारे तुकडे धरून ७ घनफूट घ्यावे. एवढ्या थोड्या मालासाठी विदर्भातील बल्लारशा किंवा आल्लापल्ली येथील वनखात्याच्या लाकूड डेपोतील लिलावात उतरण्याचा खटाटोप करू नका. पुण्यात भवानी पेठेतील टिंबर मार्केट किंवा मुंबईत रे रोड येथे किरकोळ माल मिळतो. तेथूनही बिल आणि वाहतूक परवाना यांची खातरजमा करूनच माल हलवावा.

माझी पहिली पसंती मात्र पाडलेल्या जुन्या घरांच्या तुळयांना आहे. १० फूट लांब आणि ६ बाय ६ इंचांची एक तुळई म्हणजे अडीच घनफूट, म्हणजे तीन तुळयांत तुमचे काम होते, आणि अनेक दशके छपराखाली राहिल्यामुळे लाकूड पुरेपूर सुकलेले असते.

वेंगुर्ले_बंदर

जुन्या तुळयांबाबत सावध राहावे, असे सुचवतो. आत राहिलेला एक खिळा करवतीचे पाते खराब करतो आणि सॉ मिलवाला त्याची भरपाई मागतो. म्हणून आधी धातुशोधक फिरवावा. मधोमध गाभ्याचे केंद्र असलेल्या तुळयांना आरपार चिरा असतात, तो भाग काढून टाकावा लागतो. कडेच्या लांब वळणदार पट्ट्यांसाठी मी तरी नवीन, सलग लांबीचे लाकूड घेईन.

दर्याकिनारा_मालवण

सर्वांचे आभार. तीन तुळया येथून जवळच पाहिल्या आहेत. पट्ट्या पुन्हा स्क्रूने बसवाव्यात की चिकटवाव्यात?

जुना_रंधा

चिकटवाव्यात. प्रत्येक स्क्रू म्हणजे खालच्या प्लायमध्ये पाणी जाण्याची एक वाट असते. सागातील तेलामुळे इपॉक्सी (दोन घटक मिसळून लावायचा चिकट पदार्थ) नीट धरत नाही, म्हणून चिकटवण्याच्या थोडे आधी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसावा आणि लाकडातील ओलावा मीटरने मोजून १२ टक्क्यांच्या आसपास असल्याची खात्री करावी. कोकणातल्या पावसाळ्यात हे जमणार नाही. काम दिवाळीनंतर काढा. दोन पट्ट्यांमधील फटीच्या तळाशी चिकट न धरणारी टेप घालून मगच पॉलीसल्फाइड (फटी बुजवणारे, रबरासारखे लवचिक सीलंट) भरावे, म्हणजे ते दोन्ही बाजूंना धरते, तळाला धरत नाही आणि लाकूड हलले तरी फाटत नाही.

सागाच्या चिवटपणाविषयी थोडे अवांतर: मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्याने मलबारी सागातून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले आणि ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे.

वेंगुर्ले_बंदर

डेक धुताना ताठ ब्रश किंवा प्रेशर पंप वापरू नये. मऊ ब्रश रेषांच्या आडव्या दिशेने फिरवावा, नाहीतर मधला मऊ भाग खरवडून निघतो. तुमच्या आधीच्या पट्ट्या बहुधा याच कारणाने इतक्या लवकर पातळ झाल्या असाव्यात.

दर्याकिनारा_मालवण

पंप मीच चालवत होतो. तुळया उद्या ताब्यात घेतो आणि पहिला काप निघाल्यावर टोकाचे छायाचित्र येथे टाकतो.