फ्लटरच्या प्रत्येक नव्या अ‍ॅपला गो_राउटर हवंच का?

धागाकर्ता:
हल्ली फ्लटरचा (अ‍ॅप बनवायचं गूगलचं साधन) नवा प्रोजेक्ट सुरू झाला की पहिल्याच दिवशी गो_राउटर, म्हणजे पत्त्यांवरून स्क्रीन बदलणारी लायब्ररी, टाकलं जातं. स्क्रीन आठ-दहा, वेब आवृत्ती नाही, बाहेरून कुठली लिंक उघडायची नाही. मग कशासाठी? फ्लटरचा स्वतःचा नॅव्हिगेटर आहे की! पुश करा (नवा स्क्रीन वर ठेवा), पॉप करा (वरचा काढा). डेटा कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे स्क्रीन तयार करतानाच, जातो, त्यामुळे टाइप (डेटाचा प्रकार) चुकला तर कंपायलरच अडवतो. गो_राउटरमध्ये तोच ऑब्जेक्ट 'एक्स्ट्रा'मध्ये (कुठल्याही प्रकारचा डेटा चालणारी जागा) कोंबायचा आणि पलीकडे कास्ट करायचा, म्हणजे त्याचा प्रकार आपणच सांगायचा. चूक कळते ती अ‍ॅप चालताना. शिवाय आवृत्ती बदलली की वागणूकही बदलते. आठव्या आवृत्तीपासून पुश केलेल्या स्क्रीनचा पत्ता ब्राउझरच्या यूआरएलमध्ये आपोआप दिसेनासा झाला. गरज नसताना लायब्ररी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद १:
अजिबात पटलं नाही. 'लिंक उघडायची नाही' हे पहिलं नोटिफिकेशन येईपर्यंतच खरं असतं. समजा, नोटिफिकेशनमधून /orders/57 उघडायचंय. हा राउट (स्क्रीनचा पत्ता) /orders च्या पोटात लिहिलेला असेल, तर 'गो' (गो_राउटरची त्या पत्त्यावर नेणारी आज्ञा) म्हटल्यावर खाली ऑर्डरची यादी आपोआप मांडली जाते आणि बॅक दाबल्यावर माणूस तिथेच येतो. नुसत्या नॅव्हिगेटरने हा स्टॅक (एकावर एक ठेवलेले स्क्रीन) तुम्ही हाताने रचणार. वर लॉगिन झालेलं नसेल तर? तो तपास गो_राउटरच्या 'रीडायरेक्ट'मध्ये (दुसऱ्या स्क्रीनकडे वळवणारा नियम) एकाच ठिकाणी बसतो, नाहीतर स्क्रीनगणिक विखुरतो.

प्रतिसाद २:
एक्स्ट्राबद्दल धागाकर्त्यांशी सहमत. वेबवर तर स्वतःचा कोडेक (ऑब्जेक्ट साठवण्याजोग्या रूपात नेणारा-आणणारा कोड) दिला नाही तर तो ऑब्जेक्ट हरवू शकतो. म्हणून फक्त आयडी पाठवावा, बाकी डेटा पुढच्या स्क्रीनने आणावा. टाइपची खात्री हवी असेल तर गो_राउटर_बिल्डर किंवा ऑटो_राउट ही पॅकेजेस आहेत, पण मग कोड जनरेशन (साधनाकडून कोड तयार करून घेणं) गळ्यात पडतं.

प्रतिसाद ३:
मी रिअ‍ॅक्ट नेटिव्हवाला (अ‍ॅप बनवायचं दुसरं साधन). आमच्याकडे कोअरमध्ये नॅव्हिगेटर उरलेलाच नाही, त्यामुळे लायब्ररी घ्यावीच लागते. बहुतेक जण रिअ‍ॅक्ट नॅव्हिगेशन घेतात. एक्स्पो राउटर ही दुसरी लायब्ररीही त्यावरच उभी राहिली. खरा प्रश्न खाली काय चालतं हा आहे. त्यातला नेटिव्ह स्टॅक घेतला तर आयओएसवर खरा यूआयनॅव्हिगेशनकंट्रोलर (स्क्रीन बदलणारा अ‍ॅपलचा स्वतःचा घटक) मिळतो, म्हणजे कडेवरून बोट सरकवून मागे जाणं थेट सिस्टीमचं.

धागाकर्ता:
@प्रतिसाद १, नोटिफिकेशनचा मुद्दा वजनदार आहे, पण ते नक्की येणार असेल तेव्हाच. आणि एक विनंती: नंतर गो_राउटर आणलंत तर जुने नॅव्हिगेटर.पुश अर्धवट तसेच ठेवू नका. खालचं पेज 'गो'ने बदललं की त्यावर असे पुश केलेले स्क्रीनही त्याच्यासोबत निघून जातात. अर्धा भरलेला फॉर्म असा डोळ्यांदेखत जातो आणि एरर काहीच दिसत नाही.

प्रतिसाद १:
म्हणूनच म्हणतो, सुरुवातीलाच घ्या! तुमचे आठ-दहा राउट आज एका बैठकीत लिहून होतील. खालच्या पट्टीतले टॅब आले, प्रत्येकाचा वेगळा स्टॅक जपायची वेळ आली, की त्यासाठीच असलेला गो_राउटरचा स्टेटफुलशेलराउट हाताशी असेल.